मुगाला मोड, चारशे किलोमीटर उंचीवर



गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्त्यांची नोंद झाली, की मग गप्पा सुरू होतात. २०२५ च्या जून-जुलैमध्ये आमच्या गावोगावच्या बैठकांत एक विषय हमखास निघायचा. अंतराळात गेलेले आपले शुभांशु शुक्ला. कौतुक सगळ्यांनाच होतं. पण कौतुकाच्या पाठोपाठ एक प्रश्नही यायचा. एवढे कोट्यवधी रुपये घालून माणूस वर पाठवला, आणि तिथं जाऊन त्यानं काय केलं, तर मुगाला मोड आणले! ते तर आपण आठवड्यातनं दोनदा आणतो की.

प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. गटातली बाई पैशाचा हिशोब विचारते ते तिचं कामच आहे. म्हणून आज आपण या मोहिमेचा हिशोब मांडू. पैसे कशाला गेले, तिथं काय झालं, आणि आपल्या पदरात काय पडलं.

आधी काय घडलं ते बघू. २५ जून २०२५ ला, आपल्या घड्याळात दुपारचे बारा वाजून एक मिनिट झालं होतं, तेव्हा अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातून एक रॉकेट सुटलं. त्याच्या टोकावरच्या यानात चार माणसं होती. मोहिमेचं नाव ॲक्सिअम-४. प्रमुख होत्या अमेरिकेच्या पेगी व्हिटसन. यानाचे पायलट होते भारतीय हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला. सोबत पोलंड आणि हंगेरी या देशांचा एकेक जण. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्यांचं यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं. तिथं अठरा दिवस राहून, काम करून, १५ जुलैला दुपारी तीनच्या सुमारास ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रात सुखरूप उतरले.

याआधी १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले होते, तेव्हाच्या सोव्हिएत रशियाच्या स्थानकावर. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी भारताचा दुसरा माणूस वर गेला. आणि या आंतरराष्ट्रीय स्थानकात पाय ठेवणारा तो पहिला भारतीय.

हे स्थानक म्हणजे आकाशात फिरणारं एक मोठं घर समजा. सूर्याच्या उजेडावर वीज करणारे लांबलचक पंखे धरले तर फुटबॉलच्या मैदानाएवढा त्याचा पसारा आहे. अमेरिका, रशिया, युरोप, जपान आणि कॅनडा यांनी मिळून ते उभं केलं. २००० सालच्या नोव्हेंबरपासून आजपर्यंत ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. किती उंचावर आहे? साधारण चारशे किलोमीटर. कोल्हापूरहून मुंबईला रस्त्यानं जेवढं अंतर, जवळजवळ तेवढंच. फक्त आडवं नाही, सरळ वर. आणि वेग ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर. नव्वद मिनिटांत पृथ्वीची एक फेरी. आपली गटाची बैठक दीड तास चालली, तर तेवढ्यात त्यांचा एक दिवस आणि एक रात्र होऊन जाते.

मग ते खाली का पडत नाही? हे गोफणीवरून कळेल. शाळूच्या रानात पाखरं हाकायला आपण गोफण फिरवतो. धोंडा थोडा लांब जातो आणि वळून जमिनीवर पडतो. आता समजा आपण पन्हाळ्यावर उभ्या आहोत. जोर वाढवला तर धोंडा पायथ्याशी पडेल. आणखी वाढवला तर कोल्हापुरात पडेल. जोर एवढा वाढवला की धोंडा जितका खाली वळतो, तितकीच गोल पृथ्वीही त्याच्याखाली वळत जाते, तर? तो पडतच राहील, पण जमीन त्याला गाठ पडणार नाही. पृथ्वीभोवती फिरत राहील. खरं तर पन्हाळ्यावर हवा आहे, ती धोंड्याला अडवते. म्हणून स्थानक इतक्या उंच, जवळजवळ हवा नसलेल्या जागी ठेवलं आहे.

पृथ्वीची ओढ तिथंही आहे बरं का. जमिनीवर असते त्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. तरी माणसं तरंगताना दिसतात. कारण घर आणि घरातली माणसं एकाच वेगानं, बरोबरच पडत असतात. विहिरीत पोहरा सोडताना हातातून दोर सुटला, तर पोहरा आणि आतलं पाणी एकदमच खाली जातात. त्या घटकेपुरता पाण्याचा भार पोहऱ्याच्या बुडावर नसतो. स्थानकात ती घटका संपतच नाही.

आता मुगाकडे येऊ.

आपण मूग भिजवतो, उपसतो, फडक्यात बांधून ठेवतो. मोड येतो. तो जमिनीत पेरला असता तर मूळ खालीच गेलं असतं, दाणा उलटा पडला असला तरी. मुळाला खाली कुठं हे कसं कळतं? मुळाच्या टोकातल्या पेशींत पिठूळ बारीक कण असतात. ते जड असल्यामुळे तळाशी बसतात, आणि ज्या बाजूला ते बसले ती खालची बाजू असा निरोप मुळाला मिळतो. स्थानकात हे कण बसतच नाहीत. वर-खाली असं काही उरत नाही. पाणीही दाण्याच्या बुडाशी साचत नाही, त्याचा गोळा होऊन जिथल्या तिथं चिकटून राहतो. मग अशा जागी बी कसं रुजतं? मोडातलं सत्त्व तेवढंच राहतं की बदलतं? त्याच्यावर वाढणारे सूक्ष्मजीव कुठले? मोड खाणाऱ्याला तो बाधणार तर नाही?

हा प्रयोग कुणी सुचवला माहीत आहे? आपल्या शेजारच्यांनी. बेळगावच्या पुढे धारवाड आहे. तिथल्या कृषी विज्ञान विद्यापीठानं आणि आयआयटी धारवाडनं मिळून मूग आणि मेथी निवडली. शुक्ला यांनी छोट्या झाकणबंद बशांत दाण्यांना पाणी दिलं, मोड आल्यावर त्या बशा स्थानकातल्या शीतपेटीत ठेवल्या आणि परत येताना खाली आणायची व्यवस्था झाली. आपण एका वाफ्यात शेणखत घालतो, शेजारचा तसाच ठेवतो आणि मग दोन्हीतला फरक बघतो ना? तसंच वरच्या मोडांची खालच्या मोडांशी तुलना करायची असते.

याचा उपयोग कुणाला? पहिला उपयोग अंतराळवीरांना. पुढं माणसं महिनोनमहिने लांब जाणार, तर त्यांना ताजं अन्न लागणार. मोडासाठी माती नको, ऊन नको, दोन-चार दिवसांत तयार. जगातल्या एवढ्या विद्वानांना जे हवं आहे ते आपल्या फडक्यात कधीपासून आहे, ही आनंदाची गोष्ट. पण यामुळे येत्या हंगामात आपल्या रानात मूग दुप्पट पिकेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शास्त्राची फळं उशिरा येतात आणि सगळ्याच झाडांना लागत नाहीत.

हा प्रयोग घरी पोरांकडून करून घेता येतो. काचेच्या पेल्यात ओला कागद कडेनं लावा, काच आणि कागदाच्या मध्ये चार मूग अडकवा. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की पेला आडवा करून ठेवा. दुसऱ्या दिवशी बघा, मूळ वळून पुन्हा जमिनीकडे निघालेलं असेल.

दुसरी गोष्ट हाडांची. ही आपल्या जास्त जवळची आहे. अंगावर भार नसला की शरीराला वाटतं, एवढ्या मजबूत हाडांची गरज काय? स्थानकात राहणाऱ्यांची कंबर, मांडी यांसारखी भार वाहणारी हाडं महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्यानं विरळ होतात. पाळी गेल्यानंतर बाईचं हाड वर्षभरात जेवढं झिजतं, साधारण तेवढं तिथं एका महिन्यात झिजतं. म्हणून तिथं लांब मुक्कामाला असलेली माणसं रोज दोन तासांच्या आसपास व्यायाम करतात, पट्ट्यांनी स्वतःला बांधून पळतात, ओढतात. स्नायूही सुटतात. ते का सुटतात यावरचा बंगळुरूच्या संस्थेचा एक प्रयोग शुक्ला यांनीच तिथं केला.

परत आल्यावर त्यांनाही काही दिवस चालण्याची, तोल सांभाळण्याची सवय पुन्हा करावी लागली. एकदा त्यांनी लॅपटॉप बंद करून पलंगाशेजारी हवेतच सोडून दिला, तरंगेल या सवयीनं. तो पडलाच. खाली गालिचा होता म्हणून वाचला.

यातून आपण काय घ्यायचं? हाडाला भार लागतो. रानात राबणाऱ्या बाईला तो मिळतो. पण आता आपल्यातल्या बऱ्याच जणी दिवसभर शिलाई मशीनवर, दुकानात, कागदपत्रांत बसलेल्या असतात. चाळिशी उलटलेल्या मैत्रिणींनी रोज भरभर चालायला हवं, जिने चढायला हवेत, उन्हात थोडं बसायला हवं. नाचणी आपल्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरात पिकते, ती ताटातून घालवू नका. तीळ, दूध, पालेभाजी असू द्या. आणि कंबर सारखी दुखत असेल तर वय झालं म्हणून अंगावर काढू नका, दवाखान्यात दाखवा.

तिसरी गोष्ट पाण्याची. तिथं घागर भरायला नळ नाही. प्रत्येक लिटर रॉकेटनं चढवायचं तर त्याची किंमत सोन्यासारखी. म्हणून घाम, श्वासातली वाफ आणि लघवीसुद्धा गोळा करून, शुद्ध करून परत पिण्याजोगं पाणी करतात. जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के पाणी असं परत मिळवतात. नाक मुरडू नका. ते पिण्याआधी अनेक वेळा तपासलं जातं. आपल्याला एवढं करायची गरज नाही. पण मोरीचं पाणी परड्यातल्या केळीला, अळूला वळवणं आपल्या हातात आहे.

आणि चौथी गोष्ट खाण्याची. शुक्ला यांनी सोबत गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस नेला होता, आणि सोबत्यांनाही तो खायला दिला. म्हैसूरमध्ये संरक्षण खात्याची अन्नावर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, १९८४ ला राकेश शर्मांसाठीही तिथंच पदार्थ तयार झाले होते. हलवाच का, भाकरी का नाही? भाकरीचे कण सुटतात. इथं ते ताटात पडतात, तिथं ते तरंगत डोळ्यांत जातील, यंत्रात जातील. हलवा ओलसर, एकमेकाला धरून राहतो. पदार्थ टिकला पाहिजे, पाकिटात जंतू शिरता कामा नयेत, प्रत्येक पाकिटाची नोंद पाहिजे. पापड, चटणी, मसाले करणाऱ्या आपल्या गटांनाही हेच तीन नियम लागू आहेत.

आता माणसांकडे येऊ. या मोहिमेच्या प्रमुख पेगी व्हिटसन यांचं वय तेव्हा पासष्ट होतं. आपल्याकडे या वयाच्या बाईला, आता तुम्ही बसा, असं म्हणतात. त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका शेतकरी कुटुंबात वाढल्या. विमान चालवायचा परवाना काढायला पैसे हवे होते, तेव्हा त्यांनी कोंबड्या पाळून विकल्या. कोंबडीपालनासाठी गटातून कर्ज काढणाऱ्या आमच्या मैत्रिणींनो, हे नीट ऐका. त्यांनी जीवरसायनशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलं, डॉक्टरेट मिळवली. अंतराळवीर होण्यासाठी अर्ज केले ते नाकारले गेले, तरी त्या वर्षानुवर्षं अर्ज करत राहिल्या, आणि १९९६ साली निवड झाली. पुढं त्या या स्थानकाच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. आजवर अंतराळात त्यांचे एकूण ६९५ दिवस झालेत, अमेरिकेतल्या कुठल्याही पुरुषापेक्षा जास्त.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे थांबणं. ही मोहीम ठरल्या दिवशी निघाली नाही. कधी हवामान आडवं आलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, उड्डाण तोंडावर असताना, रॉकेटमध्ये द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली. आपल्या इस्रोच्या मंडळींनी आग्रह धरला की दुरुस्ती करा, पुन्हा तपासा, मगच निघू. त्यानंतर स्थानकातल्या एका भागातल्या गळतीमुळे आणखी दिवस गेले. चौघं महिनाभर लोकांपासून वेगळे, वाट बघत राहिले. सगळं जग बघत असताना, अजून नाही, असं म्हणायला धाडस लागतं. बँकेच्या कागदावर न वाचता सही करायला कुणी घाई केली, तर आपल्यालाही तेवढं धाडस हवं.

आता शेवटी वहीत पैसे मांडू. भारताचा या मोहिमेवर सुमारे साडेपाचशे कोटी रुपये खर्च झाला. एकशे चाळीस कोटी लोकांत वाटला तर माणशी चार रुपयांच्या आसपास. पण चार रुपये म्हणून सोडून देऊ नका, एकत्र केली तर रक्कम मोठीच आहे. बदल्यात काय मिळालं? यानातली जागा, शुक्ला आणि त्यांचे राखीव जोडीदार प्रशांत नायर या दोघांचं प्रशिक्षण, भारतीय संस्थांचे सात प्रयोग. आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे अनुभव. भारत गगनयान नावाचं स्वतःचं यान तयार करतो आहे, माणसांना आपल्याच रॉकेटनं वर नेण्यासाठी. आणि २०३५ पर्यंत आपलं स्वतःचं स्थानक उभारायचं ठरलं आहे. पहिलं शिलाई मशीन घेण्याआधी आपण चार दिवस दुसरीच्या मशीनवर हात बसवतो, तसं हे झालं. गगनयान सुखरूप गेलं आणि आलं, तर हा खर्च वसूल झाला असं आपण म्हणू.

पण वहीत एक रकाना अजून रिकामा आहे. गगनयानसाठी निवडलेल्या चौघांची नावं २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली. चौघेही पुरुष. माणसांआधी एक यंत्र पाठवायचं ठरलं आहे, व्योममित्रा. त्याला रूप मात्र बाईचं दिलंय! यात कुणाला दोष देण्याआधी कारण समजून घेऊ. निवड हवाई दलाच्या कसलेल्या चाचणी वैमानिकांतून झाली. आणि आपल्या हवाई दलात लढाऊ विमानाचं दार मुलींना उघडलं ते २०१६ साली. म्हणजे निवडीच्या दिवशी मुली मागं पडल्या नाहीत, त्या आधीच कितीतरी वर्षं मागं ठेवल्या गेल्या होत्या.

हे मागं ठेवणं आपल्या घरापासून सुरू होतं. दहावीला चांगले गुण पडले, विज्ञानाला जायचं म्हणते, पण कॉलेज लांब आहे, एसटीचा पास, क्लासची फी. मुलगा असता तर काढलं असतं कर्ज. हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीनं ऐकलं आहे. आमचं म्हणणं एवढंच आहे, की येत्या जूनमध्ये गटात अंतर्गत कर्जाचे अर्ज येतील तेव्हा मुलीच्या शिक्षणाचा अर्ज ढिगाच्या तळाशी जाऊ देऊ नका. म्हशीच्या, विहिरीच्या, लग्नाच्या अर्जाइतकाच तो महत्त्वाचा धरा. त्यातली प्रत्येक मुलगी अंतराळात जाणार नाही. पण धारवाडच्या प्रयोगशाळेत मूग तपासायला माणसं लागतातच की.

जाता जाता एक काम देतो. हे स्थानक आपल्या अंगणातून साध्या डोळ्यांनी दिसतं, दुर्बीण लागत नाही. पावसाळा संपला, आकाश निवळलं, की दिवेलागणीनंतर किंवा पहाटे उजाडण्याआधी ते कधी कधी आपल्यावरून जातं. ठळक ताऱ्यासारखा ठिपका, न लुकलुकणारा. विमानासारखे लाल-हिरवे दिवे नाहीत, आवाज नाही. साधारण पश्चिमेकडून येऊन चार-सहा मिनिटांत पूर्वेकडे निघून जातो. कोणत्या दिवशी, किती वाजता, हे नासाच्या मोफत मोबाइल ॲपवर आपल्या गावाचं नाव घालून कळतं. घरात मोबाइल चालवणारी पोरगी असेल तर हे काम तिला द्या. वेळ तीच काढू दे, आणि त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीला तीच दाखवू दे.